जसे काम, तशी रीत

गावात एखादे सार्वजनिक काम निघाले की दोन प्रश्न लगेच पुढे येतात. पैसा किती मिळणार, आणि काम कोणाच्या हाती राहणार? तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. हे काम करायचे कोणत्या रीतीने? आधी सगळा आराखडा पक्का करून, एकदाच हात घालून, ते शेवटास न्यायचे? की थोडे करून पाहायचे, त्यात काय चुकले ते ध्यानात घ्यायचे, आणि मग पुढचे पाऊल टाकायचे?

मोठ्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून या प्रश्नावर पुष्कळ वाद चालतात. एक पक्ष म्हणतो, आधी सगळे कागदावर येऊ द्या. दुसरा म्हणतो, कागद थोडा, हात जास्त. दोन्ही पक्षांकडे आपापले दाखले आहेत, आणि दोन्ही पक्ष आपलीच रीत सर्व कामांना लागू आहे असे समजतात. आपल्या घरातली बाई मात्र हा घोटाळा कधी करीत नाही. भाकरी ती एक थापते, तव्यावर टाकून पाहते, पीठ सैल वाटले तर पुढच्या भाकरीला सुधारते. पण वर्षाचे लोणचे घालायचे असले तर मीठ, मोहरी, तेल सगळे आधी मोजून घेते; कारण बरणी एकदा बांधली की चूक कळेपर्यंत पावसाळा सरलेला असतो. काम पाहून रीत ठरते, एवढेच तिला ठाऊक असते, आणि ते पुरेसे असते.

हीच गोष्ट मोठ्या कामांना कशी लागू पडते, हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगाला जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारशेजारचे तालुके आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची धार, पूर्वेला उघडे माळ, मधून कुकडी, मीना आणि घोड या नद्या वाहतात. एवढ्याशा मुलखात दोन हजार वर्षांत तऱ्हेतऱ्हेची मोठी कामे झाली. त्यांतली चार आज आपण पाहू.

पहिले काम लेण्यांचे.

जुन्नर गावाभोवती डोंगरांचे कडेच आहे. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री. या डोंगरांच्या पोटात इसवी सनापूर्वीच्या काळापासून पुढे कित्येक शतके बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली जात होती. लहानमोठी सगळी धरली तर त्यांची संख्या दोनशेच्या आसपास जाते. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा व्यापार जुन्नरला उतरायचा. त्या व्यापाराच्या पैशातून हे दान झाले.

घर बांधताना आपण पायापासून वर जातो. आधी पाया आणि मागाहून कळस, ही आपली रोजची समजूत. लेण्यात नेमके उलटे असते. कातळात आधी छत कोरायचे आणि मग एकेक थर खाली उतरत यायचे. जमीन सगळ्यांच्या शेवटी. पाथरवट अखंड खडकावर उभा राहून काम करतो, म्हणून त्याला परांची बांधावी लागत नाही. पण या सोयीची किंमत मोठी असते. खांब उभा करायचा म्हणजे खांबाभोवतीचा दगड काढायचा. हात चुकून खांबाचाच दगड निघाला, तर जगातला कोणताही कारागीर तो परत चिकटवू शकत नाही. तेव्हा लेण्याद्रीसारख्या चैत्यगृहात पहिला घाव पडण्याआधीच छताची कमान किती, खांब किती, स्तूप कुठे, हे सगळे ठरलेले असणे भाग होते. इथे करून पाहू, मग बघू, ही भाषा चालत नाही. मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग गटातले चैत्यगृह पाहा. दर्शनी भाग देखणा कोरलेला, आतले काम मात्र अपुरे राहिलेले. दोन हजार वर्षे ते तसेच उभे आहे.

आता याच डोंगराची दुसरी बाजू. एकेक लेणे असे आधी ठरवून केले, तरी सगळा डोंगर काही कुणी एकाने एका दमात कोरला नाही. शिलालेख वाचले म्हणजे हे कळते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे एक लेणे आणि पाण्याची एक पोढी दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. चंद नावाच्या दुसऱ्या यवनाने लेण्याचा दर्शनी दरवाजा करवून दिला. नहपान राजाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी मंडप आणि पोढी दिल्याचा लेख मानमोडीवर आहे. ज्याची जेवढी ऐपत, तेवढे त्याने केले. एक भिक्षू राहायला आला तरी एक खोली उपयोगी पडली. पुढच्या दात्यासाठी मागचा दाता अडून राहिला नाही. काहींनी तर पैसे श्रेणीकडे ठेव म्हणून दिले आणि त्यातून झाडे लावण्याची सोय करून ठेवली. काम संपल्यावर त्याची निगा कोण राखणार, हा विचारही त्या लोकांच्या मनात होता.

म्हणजे एकाच डोंगरात दोन्ही रीती नांदत होत्या. दगडाला घाव घालताना विचार आधी पुरा, आणि डोंगर भरताना एकेक खोली करीत सावकाश. कोणत्या ठिकाणी कोणती रीत, एवढे त्या लोकांनी ओळखले होते.

लेण्याद्रीच्या पायथ्याने जी कुकडी वाहते, तिच्याच नावाने दुसरे मोठे काम झाले. ते धरणांचे.

कुकडी प्रकल्पात मुख्य धरणे पाच. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडनदीवर डिंभे, आणि उत्तरेकडे पिंपळगाव जोगे. ही धरणे सुटी नाहीत, एकमेकांशी जोडलेली आहेत. डिंभ्याचा डावा कालवा घोडनदीचे पाणी येडगावच्या तलावात आणतो, आणि येडगावहून निघालेला कालवा अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, दुष्काळी भाग ओलांडून थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडे जातो. सह्याद्रीच्या धारेवर पडलेला पाऊस तिथून लांबच्या वाटेने पूर्वेच्या कोरड्या रानात न्यायचा, असा हा विचार. विचार मोठा, आणि त्याने अनेकांच्या घरी ऊस, कांदा, द्राक्षे पिकली, हे नाकारता येणार नाही.

असे काम थोडे थोडे करून पाहण्यासारखे नसते. अर्धे धरण पाणी अडवीत नाही. कालव्याचा उतार मध्येच बदलून चालत नाही. पाया कुठे घ्यायचा, भिंत किती उंच करायची, सांडवा कुठे ठेवायचा, हे सगळे आधी ठरावे लागते, आणि इंजिनियर लोकांनी ते ठरवले. पावसाची सरासरी काढली, पाण्याचा हिशेब घनफुटांत मांडला. डिंभ्याच्या एकट्या तलावात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते.

पण श्रोते हो, आराखडा आधी पुरा करायचा म्हटल्यावर तो कशाचा पुरा करायचा, हाही प्रश्न आहे. पाण्याचा हिशेब जसा बारकाईने झाला, तसा माणसांचा झाला का? डिंभे धरणात आंबेगाव हे गावच गेले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने गाव पाण्याखाली आहे, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. उन्हाळ्यात पाणी खूप ओसरले की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात, आणि म्हातारी माणसे आपल्या घराची जागा नातवंडांना बोटाने दाखवतात. आंबेगावाबरोबर घोडनदीच्या खोऱ्यातल्या आणखी कित्येक वस्त्यांची जमीन बुडाली. त्यांतले बहुतेक महादेव कोळी समाजाचे. भाताची चांगली खाचरे नदीकाठी, म्हणून तीच आधी पाण्याखाली गेली.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. लाभक्षेत्रात जमीन द्यावी, नवी गावठाणे वसवावीत, अशी त्याची कल्पना. कागदावर ती न्यायाचीच होती. पण डोंगरात भात आणि नाचणी करणारा, रानातला हिरडा गोळा करणारा माणूस दूरच्या उघड्या माळावर जाऊन काय करणार? कित्येक कुटुंबांनी खाली जाण्याऐवजी तलावाच्या वरच्या उतारावर राहणे पत्करले. खाली पाणी, वर जंगल, मध्ये उघडी टेकडी. धरणाचा तलाव २०००च्या सुमारास पुरा झाला. त्यालाच पुढे हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव मिळाले. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १९३० साली मुंबईत प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा.

उतारावर राहिलेल्या माणसांनी मग जी रीत धरली, ती धरणाच्या रीतीच्या अगदी उलट होती. या डोंगरात पडकई नावाची जुनी चाल आहे. उतारावर बांध घालायचा, मागे माती भरून सपाट खाचर करायचे, आणि हे सगळे एकमेकांच्या मदतीने. आज माझ्या उतारावर सगळे येतील, उद्या मी तुझ्या उतारावर येईन. एका वर्षात एक तुकडा झाला, तरी त्या तुकड्यात भात लागतो. बांध कुठे फुटला, पाणी कुठून शिरले, हे पहिल्याच पावसात कळते, आणि दुसरा बांध त्या अनुभवाने घातला जातो. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत या संस्थेने हे काम उचलून धरले. तलाव ओसरताना उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेता यावे, म्हणूनही खटपट झाली. ज्या पाण्याने जमीन नेली, त्याच पाण्यात मासे धरण्याचा हक्क आपल्याला मिळावा, अशी मागणी पुढे आली आणि धरणग्रस्तांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली.

धरणाला आराखड्याची रीत योग्यच होती. पण तो आराखडा पाण्यापुरता पुरा आणि माणसांपुरता अपुरा राहिला. आणि जे अपुरे राहिले, ते नंतर तुकड्यातुकड्यांनी भरून काढावे लागले. ते भरले कोणी? ज्यांनी आराखडा काढला होता त्यांनी नव्हे. ज्यांची जमीन गेली होती त्यांनी, आपल्या पाठीवर माती वाहून.

आता तिसऱ्या कामाकडे वळू. ते याच धरणांच्या शेजारचे आहे. नारायणगावाहून पूर्वेला खोडदच्या दिशेने गेले की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या रानांतून मोठमोठ्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण. ताऱ्यांकडून आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. आपला रेडिओ ज्या जातीच्या लहरी पकडतो, त्याच जातीच्या लहरी; फक्त बोलणारा कोट्यवधी वर्षांच्या वाटेवर असतो.

या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे १ किलोमीटरच्या चौकात, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या तीन भुजांवर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. या सगळ्या मिळून एका प्रचंड डोळ्याचे काम करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी १९८०च्या दशकात ही योजना मांडली. १९९०च्या दशकात तबकड्या उभ्या राहिल्या, आणि २००१ साली दुर्बिणीचे रीतसर लोकार्पण झाले.

स्वरूप यांनी हे काम एकदम हाती घेतले नव्हते. १९६५च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभारली. तबकड्या जेमतेम सहा फूट व्यासाच्या, ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या. त्यावर हात बसल्यावर १९७० साली उटीजवळ मोठी दुर्बीण झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिथे त्यांनी असा डोंगर शोधला, की ज्याचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवली की तारा आपोआप तिच्या टप्प्यात राहतो. डोंगरानेच अर्धे यंत्र फुकट दिले. त्यानंतर खोडद. तीस-पस्तीस वर्षांची ही तीन पावले होती, आणि प्रत्येक पावलाला मागच्याचा आधार होता.

खोडदला त्यांनी ठरवलेली एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याने मढवायच्या म्हटले असते तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा रेटा सांभाळायला अफाट लोखंड लागले असते. ज्या लहरी पकडायच्या त्या लांब, तेव्हा अखंड पत्र्याची गरज नाही. बारीक जाळीही त्या परतवते. म्हणून ताणलेल्या तारांच्या आधारावर बारीक पोलादी तारांची जाळी बसवली. तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जाड. वारा जाळीतून निघून जातो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून बर्फाच्या वजनाचीही चिंता नाही. परदेशात जशी असते तशी दुर्बीण न करता, इथले हवामान पाहून इथली दुर्बीण केली.

आता रीतीचा विचार करा. जागा कुठली, भुजा किती लांब, तबकडीचा नमुना कोणता, हे आधीच पक्के करणे भाग होते. काँक्रीटचा पाया एकदा ओतला की तबकडी शेजारच्या रानात सरकवता येत नाही. एवढे ठरल्यावर मात्र तबकड्या एकेक करीत उभ्या राहू शकत होत्या. पहिल्या तबकडीत जे जड गेले, ते पुढच्यांत सुधारता येत होते. आणि तिसांपैकी एखादी दुरुस्तीसाठी थांबली, तरी बाकीच्यांचे काम चालू राहते. पुढे या दुर्बिणीचे सगळे ग्राहक यंत्र नव्याने करायचे ठरले, तेव्हाही तीच सोय उपयोगी पडली. दुर्बीण बंद न ठेवता टप्प्याटप्प्याने नवी यंत्रे बसवली गेली. जगभरचे शास्त्रज्ञ इकडे निरीक्षणे घेत होते, आणि तिकडे काम चालू होते.

लेण्याद्रीचे पाथरवट आणि खोडदचे शास्त्रज्ञ यांच्यामध्ये दोन हजार वर्षांचे अंतर. पण दोघांनीही एकच विभागणी केली. जे परत फिरवता येत नाही, ते आधी ठरवले. जे एकेक करून होण्यासारखे आहे, ते एकेक करीत नेले.

चौथे काम सांगताना मन जड होते, पण सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही.

आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या वरच्या डोंगरात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४च्या सकाळी, मुसळधार पावसात, डोंगराची कड सुटून गावावर आली. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला बातमी कळली. १५१ माणसे गेली.

वाचलेल्या माणसांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. नवे गाव कुठे वसवायचे? ही जागा निवडताना चूक होऊन चालणार नव्हती. डोंगर एकदा अंगावर आला होता. भूशास्त्राच्या जाणकारांनी जागा तपासल्या, शेवटी जवळच आमडे येथील जागा ठरली. भूकंपातही टिकावीत अशी घरे बांधली. शाळा झाली. एप्रिल २०१७मध्ये लोक नव्या घरांत गेले.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला. घरांभोवतीचा आणि रस्त्यांचा भराव ठिकठिकाणी खचला, संरक्षक भिंतींना आणि गटारांना इजा झाली. एका पावसाने सगळे गमावलेली माणसे पुन्हा एका पावसाने धास्तावली. पुढे दुरुस्त्या झाल्या. पण त्या रात्री ज्या आईने लेकरू कुशीत घेऊन भिंतीची भेग पाहिली असेल, तिच्या मनाची दुरुस्ती कोण करणार?

इथे कुणावर ठपका ठेवणे सोपे आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे फार थोडे निघते. अडचण खरी होती. तीन पावसाळे पत्र्याखाली काढलेल्या माणसांना चौथाही तसाच काढा असे कुणी म्हणावे? घाई माणुसकीची होती. पण डोंगरउतार कापून भराव घातला की तो एक पावसाळा तरी बसू द्यावा लागतो, हे पडकई करणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. नव्या बांधावर पहिल्या वर्षी तो भरवसा ठेवीत नाही. पाऊस खाल्लेली माती आणि न खाल्लेली माती यांत फरक आहे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

माळीणच्या कामात दोन कामे एकत्र होती. घरांच्या भिंती आणि छत हे आधी आराखडा करून, ठरल्या दिवशी पुरे करण्याचे काम. भराव, निचरा आणि उतार हे पावसाच्या परीक्षेतून गेल्याशिवाय पुरे न होणारे काम. दोहोंना एकच तारीख लावली, की दुसऱ्या कामाची परीक्षा माणसे राहायला आल्यावर होते. मातीचे काम आधी उरकून एक पावसाळा त्याला दिला असता आणि घरे त्यानंतर, तर वाट लांबली असती. पण निदान पाऊस कुणाच्या चुलीपाशी आला नसता. असे म्हणणे मागाहून सोपे आहे, हे मला मान्य आहे. पुढच्या कामापुरते तरी ते ध्यानात ठेवावे, एवढ्यासाठीच इथे सांगितले.

आता या चार कामांतून आपल्या गावासाठी काय घ्यायचे?

पहिली गोष्ट. काम हाती घेताना विचारावे, यातली कोणती गोष्ट परत फिरवता येणार नाही? नळपाणी योजनेत टाकीची जागा आणि मुख्य नळाची रुंदी परत फिरवता येत नाही. ती ठरवायला महिना जास्त गेला तरी जाऊ द्यावा. नळाच्या तोट्या मात्र एका आळीत आधी बसवून पाहाव्यात, पाणी कसे चढते ते बघावे, मग पुढच्या आळीत जावे. शाळेची इमारत कुठे उभी करायची, हे आधी ठरवावे. शाळेची बाग दरवर्षी वाफा वाफा वाढवावी. सगळी झाडे एकाच पावसाळ्यात लावून दुसऱ्या उन्हाळ्यात सगळी वाळवण्यापेक्षा, पन्नास लावून त्यातली चाळीस जगवणे बरे.

दुसरी गोष्ट. कामाचा एक भाग झाला, तर तेवढा उपयोगी पडतो का, हे पाहावे. लेण्यातली एक खोली उपयोगी पडते, पडकईचे एक खाचर उपयोगी पडते. अर्धा बंधारा पडत नाही. ज्याचा तुकडा उपयोगी पडतो, ते काम तुकड्यांनी करायला हरकत नाही; तिथे सगळा पैसा मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चूक झाली तर तिची किंमत कोण देणार? खोडदला एखादी तार सैल राहिली असती, तर ती पुन्हा ताणायला इंजिनियरच वर चढला असता. डिंभ्याच्या आराखड्यात जे राहून गेले, त्याची किंमत आंबेगावच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने दिली. ज्याच्या अंगावर चूक येणार, तो माणूस योजना ठरवताना बैठकीत बसलेला असला पाहिजे. नुसता सतरंजीच्या कडेला नव्हे. त्याला विचारले पाहिजे, आणि त्याने सांगितलेले कागदावर उतरले पाहिजे. पाण्याचा हिशेब इंजिनियरला येतो. पण मातीला पाऊस किती लागतो, बाईला पाण्याला जाताना किती चढ पडतो, गुरे कोणत्या वाटेने परततात, याचा हिशेब गावालाच येतो. तो हिशेब आधी धरला नाही, तर मागाहून भरावा लागतो, आणि तेव्हा तो दामदुपटीने भरावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावात जे काम चालू असेल, मग तो रस्ता असो, बंधारा असो की वर्गखोली असो, ते पाहायला वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा न्यावे. त्यांना पाटीवर दोन रकाने पाडायला सांगावेत. एकात, जे आधीच ठरवायला हवे ते. दुसऱ्यात, जे करता करता सुधारता येईल ते. मुले वाद घालतील. गवंड्याला प्रश्न विचारतील. एखादा मुलगा म्हणेल, गुरुजी, हे तर कुणी ठरवलेच नाही! त्या मुलाला गप्प करू नये. त्याचे म्हणणे सरपंचांच्या कानावर घालावे, आणि तेही काम सुरू आहे तोवर. पाया भरून झाल्यावर ते सांगून उपयोग नसतो.